अडचणीच्या वर्षात सण करायचे का, आणि केले तर किती?

तुमच्या पत्रातला प्रश्न थोडक्यात असा आहे: सासरे वैशाखात गेले. त्यानंतर दोन महिन्यांत नवऱ्याचं काम सुटलं. सासूबाई गप्प झाल्या आहेत, मुलं "या वर्षी गणपती आणायचा का?" असं विचारतात. नातेवाईक म्हणतात, वर्षभर सण नाही. मनाला वाटतं, काहीच केलं नाही तर घर आणखी काळवंडेल. सणांतून खरंच धीर मिळतो का, आणि मिळत असेल तर नेमकं काय करायचं?

आधी शंकेचं निरसन. मृत्यूचं सुतक दहा दिवसांचं. अकराव्या, बाराव्या, तेराव्याचे विधी झाले की देवपूजा पुन्हा सुरू होते. वर्षभर एकही सण करू नये ही बहुतेक घरांत रूढी आहे, आणि रूढी घराण्यागणिक बदलते. कुठे फक्त कढई चढवत नाहीत, म्हणजे तळण करत नाहीत. कुठे रांगोळी आणि कंदील टाळतात, पूजा मात्र करतात. कुठे गोडाचा पहिला घास भावकीतल्या घरून येतो. त्यामुळे "सण नाही" म्हणणाऱ्यांना वाद न घालता एकच विचारा: पूजा नाही, की थाट नाही? बहुतेक वेळा मोठी माणसं थाटाबद्दल बोलत असतात.

दुसरी भीती असते ती कमी केल्याची. दहा दिवसांचा गणपती दीड दिवसावर आणला तर कोप होईल, सोळा भाज्यांच्या चार केल्या तर गौर रुसेल. ही भीती बाळगणाऱ्यांनी पूजेची पोथी एकदा नीट वाचावी. षोडशोपचार म्हणजे सोळा उपचार. ते शक्य नसतील तर गंध, फूल, धूप, दीप, नैवेद्य एवढे पंचोपचार. वस्त्र नसेल तर गुरुजी काय सांगतात? "वस्त्रार्थे अक्षतान् समर्पयामि". दागिना नसेल तर "अलंकारार्थे अक्षतान्". म्हणजे चिमूटभर तांदूळ शेल्याचीही जागा घेतात, हाराचीही. मूर्ती नसेल तर तांदळावर सुपारी. काहीच नसेल तर मानसपूजा. शेवटी तर "मंत्रहीनं क्रियाहीनं भक्तिहीनं सुरेश्वर" म्हणून राहिलेल्या सगळ्याची कबुली देऊन "परिपूर्णं तदस्तु मे" असं मागून मोकळं व्हायचं. भक्तीसुद्धा कमी पडली असेल हे ज्या विधीने आधीच गृहीत धरलंय, तो तुमच्या दोन कमी भाज्यांवर अडून बसणार नाही.

प्रसादाचं मापही असंच. सत्यनारायणाच्या शिऱ्याला रवा, साखर, तूप सव्वाच्या मापाने घेतात. ते सव्वा किलो असेल तसंच सव्वा वाटीही चालतं. प्रमाण जपायचं, आकार आपल्या ताकदीप्रमाणे. कठीण वर्षात सणांकडून घेण्यासारखी पहिली गोष्ट माझ्या मते ही आहे. नरकासुर, महिषासुर, वाईटावर चांगल्याचा विजय वगैरे सगळं नंतर. दुःखात बसलेल्या माणसाला "बघ, अंधार संपून प्रकाश येतोच" हे सांगण्याचा फारसा उपयोग होत नाही, उलट त्याला एकटं वाटतं. ठरलेल्या दिवशी, ठरलेल्या वेळी, जमेल एवढं एक काम हातून झालं की मग गोष्टीतला अर्थ कानात शिरतो. क्रम उलटा झाला की प्रवचन होतं.

आता पुढचे सण एकेक घेऊ.

गणपती दीड दिवसाचा करा. भाद्रपद शुद्ध चतुर्थीचं पार्थिव गणेशपूजन हे मुळात एका दिवसाचं व्रत, त्यामुळे दीड दिवसाला कमी दर्जाचा समजू नका. शाडूची सहा ते नऊ इंचांची मूर्ती पुरे. मध्यान्हाच्या वेळेत प्राणप्रतिष्ठा, एकवीस दूर्वा, एक लाल फूल, आणि उकडीचे मोदक झेपत नसतील तर गूळ-खोबरं. दुसऱ्या दिवशी उत्तरपूजा करून घरीच बादलीत विसर्जन. मूर्ती पूर्ण बुडेल एवढं पाणी घ्या, रंग कमी असलेली निवडा, सकाळपर्यंत माती सुटते. ती कुंडीत जाते. बिघडतं कुठे, तर "शाडू" म्हणून प्लॅस्टर ऑफ पॅरिसची मूर्ती गळ्यात पडते आणि आठवडाभर बादलीत तशीच उभी राहते. हे पाहून मुलं खट्टू होतात, म्हणून मूर्ती घेताना वजन बघा. त्याच मापाची शाडूची मूर्ती प्लॅस्टरपेक्षा चांगलीच जड लागते.

सगळा महाराष्ट्र एकदा या अनुभवातून गेला आहे. २५ मार्च २०२० चा गुढीपाडवा देशव्यापी लॉकडाऊनच्या पहिल्या दिवशी आला. त्या वर्षी ज्ञानोबा-तुकोबांच्या पादुका एसटीने पंढरपूरला गेल्या, पायी वारी झाली नाही. भाद्रपदातल्या गणपतीसाठी सरकारने मंडळांना चार फूट आणि घरांना दोन फूट मूर्तीची मर्यादा घातली. लालबागच्या मंडळाने मूर्ती न बसवता रक्तदान आणि प्लाझ्मादानाचा आरोग्योत्सव केला. परंपरा मोडली असं तेव्हा वारकऱ्यांनी मानलं नाही. पादुका पोचल्या, एकादशी झाली. तुमच्या घरात तेच चाललंय, फक्त एकट्या घराचं असल्याने ते लोकांना दिसत नाही.

गौरींबद्दल थोडं जास्त लिहितो, कारण तुमच्या घरातली खरी गाठ तिथे आहे. अनुराधा नक्षत्रावर आवाहन, ज्येष्ठावर पूजन, मूळावर विसर्जन. उभ्याच्या गौरी असतील तर या वर्षी सांगाडे, नव्या साड्या, आरास सोडून मुखवटे तांब्यावर बसवता येतात. तांब्यात किंवा खाली धान्य, मागे धुतलेली साडी. खड्याच्या गौरींचा कुळाचार असेल तर काम आणखी सोपं: पाणवठ्यावरून पाच किंवा सात खडे न बोलता आणायचे. नैवेद्याचंही बघा. ज्या गौरीला दुसऱ्या दिवशी पुरणपोळी लागते, तिला पहिल्या संध्याकाळी भाजी-भाकरीच वाढतात. माहेरी आलेली मुलगी आधी घरात जे शिजलं असेल ते खाते. पुरण जमलं तर करा, नाहीतर घावन-घाटलं करा, आणि तेही नाही तर पहिल्या दिवशीचं पान दुसऱ्या दिवशी वाढा.

गाठ आहे ती सासूबाईंची. नवरा गेला म्हणून गौरीच्या हळदीकुंकवाला त्यांना आतल्या खोलीत बसवलं, तर हा सण त्यांच्यासाठी दुसरा आघात ठरतो. इतकी वर्षं ज्यांच्या हातून गौर बसली त्यांनाच पाहुण्यासारखं बघत बसावं लागतं. कोल्हापूर जिल्ह्यातल्या हेरवाड ग्रामपंचायतीने मे २०२२ मध्ये विधवा प्रथा बंद करण्याचा ठराव केला आणि त्याच महिन्यात राज्य सरकारने इतर ग्रामपंचायतींनीही तसं करावं असं परिपत्रक काढलं. म्हणजे तुम्ही काही जगावेगळं करत नाही. पण ऐन कार्यक्रमात, बायकांच्या घोळक्यात त्यांच्या कपाळाला कुंकू लावायला जाऊ नका. त्या अवघडतील, एखादी काहीतरी बोलून जाईल. चार दिवस आधी दोघींनीच बसून विचारा: "आई, मुखवटे तुमच्या हातांनी बसवायचे का? मी बाजूला थांबते." त्या नाही म्हणाल्या तर पुन्हा आग्रह नको, पण मदत मागा. पुरणाला किती डाळ, कोणता डबा कुठे, आवाहनाची पावलं कुठून कुठे काढायची, हे त्यांना विचारून करा. गप्प झालेलं माणूस सांत्वनाला उत्तर देत नाही, "डाळ किती भिजवू?" याला देतं.

मग येतो पितृपक्ष. लोक याला अशुभ म्हणून ओलांडून जायला बघतात, आणि ते चुकतं. गेलेल्या माणसाची आठवण काढायला वर्षात पंधरा दिवस राखून ठेवलेले असणं ही शोक करणाऱ्यासाठी मोठी सोय आहे. पहिल्या वर्षी महालय करायचा की वर्षश्राद्धानंतर, हे घराण्यानुसार ठरतं. तुमच्या गुरुजींना विचारा. विधी पुढच्या वर्षी असला तरी त्या पंधरवड्यातली एक संध्याकाळ सासऱ्यांसाठी ठेवा. त्यांना आवडणारा एक पदार्थ करायचा, पानावरचा पहिला घास कावळ्याला किंवा गाईला, आणि जेवताना प्रत्येकाने त्यांच्याबद्दलची एक गोष्ट सांगायची. मुलांना "रडू नका" असं बजावू नका. ही संध्याकाळ नीट झाली तर दिवाळीच्या पहाटे दुःख अचानक अंगावर येण्याची शक्यता कमी होते. आणि आलंच, तर त्याला वाव द्या.

नवरात्रात दोन गोष्टी. पहिली उपवासाची. नऊ दिवस जमत नसतील तर उठता-बसता धरा, म्हणजे पहिला आणि शेवटचा. मधुमेहाच्या गोळ्या किंवा इन्सुलिन चालू असणाऱ्याने, गरोदर बाईने, मोठ्या आजारातून उठलेल्याने तोही धरू नये. एखादा पदार्थ सोडण्याचा नेम करावा. झोप उडालेली आहे, भूक मेली आहे अशा माणसानेही उपवास टाळावा. दुःखात आधीच पोटात काही जात नसतं आणि उपवासाच्या नावाखाली ते झाकलं जातं.

दुसरी गोष्ट घटाची. हा भाग मुलांच्या हाती द्या. पत्रावळीवर किंवा परडीत दोन-तीन इंच चाळलेली काळी माती, मधे तांब्या, भोवती रात्रभर भिजवलेले दोन मुठी गहू किंवा सप्तधान्य, वर मातीचा पातळ थर. सकाळ-संध्याकाळ हाताने पाणी शिंपडायचं, बस. सगळ्यात जास्त घट बिघडतात ते प्रेमाने. दाणे वर दिसत नाहीत म्हणून घाबरून वाटीभर पाणी ओततात, मग दाणे कुजतात आणि पांढरी बुरशी धरते. तिसऱ्या दिवशी कोंब दिसू लागतात. देवघरात ऊन कमी असल्याने ते पिवळे राहतात, तो दोष नव्हे. घरातल्या प्रत्येकाला "बाबांना काम कधी मिळणार" याची घाई झालेली असताना, रोज थोडंसं पाणी शिंपडून गप्प बसण्याचा हा नऊ दिवसांचा सराव मुलांना बरंच काही शिकवतो. तोंडाने सांगायची गरज पडत नाही.

अखंड दिवा विझला तर अपशकुन धरू नका. वात काजळली, तेल संपलं, वारा आला, एवढीच कारणं असतात. वात पुढे सरकवून पुन्हा लावा. मनाला फारच लागत असेल तर शेजारी दुसरी छोटी समई तेवत ठेवा. घरात ऑक्सिजन सिलिंडर किंवा कॉन्सन्ट्रेटरवर कुणी असेल तर त्या खोलीत मात्र दिवा, उदबत्ती, धूप काहीही नको.

दसरा काम सुटलेल्या माणसाचा सण आहे. त्या दिवशी पुस्तकं आणि हत्यारं पूजतात. सुतार करवत ठेवतो, शिंपी मशीन. तुमच्या नवऱ्याने आपल्या कामाची साधनं ठेवावीत: अवजारं असोत, लॅपटॉप असो, प्रमाणपत्रांची फाईल असो. आदल्या दिवशी, खंडेनवमीला, ती पुसून काढावीत, फाईल लावून घ्यावी, बायोडेटा ताजा करावा. महिने कपाटात पडलेली वस्तू हातात घेतली की बंद पडलेलं काहीतरी सुरू होतं. पांडवांनी अज्ञातवासात शस्त्रं शमीवर बांधून ठेवली आणि वर्षभराने काढली, ती गोष्ट इथे सांगायची. विराटाच्या घरी अर्जुन नाच शिकवत होता, भीम स्वयंपाकघरात होता. हाताला मिळालं ते काम केलं म्हणून त्यांचं कसब गेलं नाही. मधल्या काळात कमी दर्जाचं वाटणारं काम पत्करायला लाज वाटणाऱ्याला ही कथा "विजयादशमी म्हणजे विजय" यापेक्षा जास्त उपयोगी पडते.

सोनं देण्यामागची कौत्साची गोष्टही पैशाच्या अडचणीत मुद्दाम आठवावी. गुरुदक्षिणेसाठी चौदा कोटी मुद्रा हव्या होत्या, रघूकडे दान करून काही उरलं नव्हतं, कुबेराने आपट्यावर सुवर्णवर्षाव केला. कौत्साने चौदा कोटी मोजून घेतल्या, जास्तीच्या घेतल्या नाहीत. लोक रघूचं औदार्य लक्षात ठेवतात. उधार मागायची वेळ आलेल्याने कौत्स लक्षात ठेवावा: मागायला संकोच नको, पण आकडा आधी ठरलेला हवा. आपट्याचं पान मात्र घरटी एकच घ्या. फांद्या ओरबाडायचं कारण नाही.

दिवाळीत सगळ्यात जास्त घरं घसरतात ती खर्चात. वसुबारसेच्या आठवडाभर आधी एक आकडा कागदावर लिहा आणि तेवढी रोख पाकिटात ठेवा. क्रेडिट कार्डावर दिवाळी काढू नका. थकलेल्या रकमेवर महिन्याला साधारण तीन ते चार टक्के व्याज चढतं आणि होळीपर्यंत ते फेडत बसावं लागतं. फराळात एक गोड, एक तिखट पुरे. पाव किलो बेसन, सव्वाशे ग्रॅम तूप, दोनशे ग्रॅम पिठीसाखर यांत पंधराएक लाडू होतात, आणि तळण नसल्याने कढई न चढवण्याच्या रूढीतही बसतात. बेसन मंद आचेवर वीस-पंचवीस मिनिटं भाजा. घाई केली तर टाळूला चिकटतं. साखर कोमट झाल्यावर घाला, गरम असताना घातली तर मिश्रण पातळ होऊन लाडू बसतात. जोडीला भाजक्या पोह्यांचा चिवडा.

लक्ष्मीपूजनाला वही पूजतात. या वर्षी कोऱ्या वहीच्या पहिल्या पानावर देणी लिहा: कुणाचे, किती, व्याज किती, कधी द्यायचे. सगळ्यात जास्त व्याजाचं वर. हे पान नवरा-बायकोने मिळून लिहायचं. लपवलेलं कर्ज हे कर्जापेक्षा घराला जास्त पोखरतं, आणि ते उघड करायला पूजेइतकं सभ्य निमित्त दुसरं सापडत नाही.

दुसऱ्या दिवशी बलिप्रतिपदा. आपण ज्याचं राज्य येवो म्हणतो तो बळी हरलेला राजा आहे, हे लोक विसरतात. तीन पावलांत सगळं गेलं, तिसऱ्या पावलाला त्याने डोकं पुढे केलं, शब्द फिरवला नाही. बायका ओवाळताना "इडा पिडा टळो, बळीचं राज्य येवो" म्हणतात ते त्या हरलेल्यासाठी. नोकरी गेलेल्या माणसाला घरात कमीपणा वाटत असतो. पाडव्याला त्याला ओवाळा, आणि ओवाळणीत ताटात काही पडलं नाही तर त्यावर विनोद करू नका. त्या दिवशी तो विनोद लागतो.

आणखी एक, बैल नसलेल्या घरांनीही उचलावं असं. पोळ्याच्या आदल्या संध्याकाळी बैलांचे खांदे हळद आणि तूप किंवा लोण्याने चोळतात, दुसऱ्या दिवशी जू ठेवत नाहीत. तुमच्या घरात जू कुणाच्या खांद्यावर आहे? पत्र वाचून वाटतं, तुमच्याच. वर्षातला एक दिवस तुमच्या नावाने स्वयंपाक दुसऱ्याने करायचा, हे पोळ्यालाच ठरवून टाका.

संक्रांत आणि गुढीपाडव्याबद्दल फार सांगायला नको, तोवर घडी बसत आलेली असेल. फक्त होळीला मुलांना भरपूर बोंबलू द्या. मोठ्यांनाही.

नातेवाइकांसाठी दोन ओळी, हव्या तर वाचून दाखवा. "यंदा तुमचा सण नाही ना?" असं फोनवर विचारू नये. "फराळ आणून देते, डबा परत द्यायची घाई नाही" म्हणावं, आणि डबा असा द्यावा की परत करायची गरजच पडणार नाही. रिकामा डबा परत करायचा नसतो या संकोचाने अडचणीतलं घर पुन्हा कामाला लागतं. आल्यावर अर्धा तास बसावं. गेलेल्या माणसाचं नाव घ्यावं.

एवढं करूनही सासूबाई दोन आठवड्यांहून जास्त दिवस नीट जेवत नसतील, झोपत नसतील, कशातच मन घालत नसतील, किंवा घरात कुणीही "जगून काय करायचं" अशी भाषा करत असेल, तर पुढच्या सणाची वाट बघू नका. डॉक्टरांना दाखवा. केंद्र सरकारच्या टेलिमानस सेवेचा क्रमांक १४४१६ आहे. फोन मोफत आहे, कधीही लागतो आणि मराठीत बोलता येतं. औषधं चालू झाली तर ती सणासुदीलाही चुकवायची नाहीत.

या आठवड्यात करायचं एवढंच: मूर्तिकाराकडे लहान शाडूची मूर्ती सांगून ठेवा, भावकीतल्या एका मोठ्या माणसाला "पूजा करतोय, थाट नाही" असं कळवा, आणि सासूबाईंना गौरीच्या मुखवट्यांची पेटी कुठे ठेवली आहे ते विचारा.